वेताळाच्या तोंडाला रक्त कुणी लावलं?

खाजनातला_बगळा (फोंडा)

२०२५च्या दिवाळीत आलेला 'थामा' परवा घरी टीव्हीवर बघत होतो. सोबत बहिणीचा मुलगा, वय तेरा. पडद्यावरच्या बेताळांना सुळे फुटले तसा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, आपल्या गावचा वेताळ पण रक्त पितो?"

मला एकदम काही सुचलं नाही. आमच्या गावचा वेताळ म्हणजे रात्री हद्दीवरून फेरी मारणारा राखणदार. त्याला चामड्याच्या वाहाणा वाहायच्या. त्या झिजल्या की समजायचं, स्वारी फिरून आली. आजी सांगायची, अमावास्येला त्याच्या वाटेवर शीळ घालायची नाही. का, तर त्याला कुत्र्यासारखं बोलावलं असं होईल! म्हणजे भीती होती, पण मामलेदाराची असते तशी. मानेला डसेल अशी नव्हे.

मग हे सुळे आले कुठून? माझा संशय एका माणसावर आहे. रिचर्ड बर्टन. कंपनीच्या फौजेतला अधिकारी, भाषांचा राक्षस, मराठीची परीक्षाही पास झालेला. १८४७ साली आजारपणाच्या रजेवर तो गोव्यात येऊन राहिला आणि १८५१ मध्ये गोवा आणि निलगिरीवर पुस्तक लिहिलं. (त्यात जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती मठातून रात्री एका जोगिणीला पळवायला गेलेल्या अंमलदाराचा किस्सा आहे. अंधारात भलतीच म्हातारी जोगीण उचलून आणली म्हणे. खरा असो की थापा, वाचण्यासारखा आहे.) याच बर्टनने १८७० मध्ये वेताळ पंचविशीतल्या अकरा गोष्टी इंग्रजीत मांडल्या आणि शीर्षकात वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकलं. विक्रमाच्या मानगुटीवर बसून कोडी घालणारा, उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल असा दम देणारा तो तार्किक वेताळ! त्यात रक्त पिण्याचा संबंध कुठे? पण लंडनच्या वाचकाला 'वेताळ' काय कळणार. ओळखीचं भूत दिलं त्याला.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमचं आवडतं रक्तपिशाच्च कुठल्या पुस्तकातलं? दुसरं, तुमच्या गावात, किंवा तुम्ही जिथे राहिलात तिथे, रक्त पिणारं काही सांगतात का?

माडावरचा_मुंजा (म्हापसा)

आयडीवरून कळलंच असेल, हा अगदी माझ्या विषयाचा धागा आहे.

आवडतं पुस्तक 'कार्मिला'. शेरिडन ल फानू, १८७२. 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधीचं, शंभर-सव्वाशे पानांत संपतं. ऑस्ट्रियातल्या स्टिरियात एकट्या पडलेल्या वाड्यात एक मुलगी आणि तिच्याकडे पाहुणी म्हणून राहिलेली दुसरी मुलगी. बस. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. पाहुणी दुपारी उठते, काही खात नाही, आणि यजमानीण दिवसेंदिवस फिकी पडत जाते. प्रेम कुठे संपतं आणि भूक कुठे सुरू होते ते लेखक सांगत नाही. ते न सांगणंच अंगावर येतं.

'ड्रॅक्युला' मी पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आणून वाचला. जुलै महिना, वीज गेलेली, कौलांवर पाऊस. याहून चांगली सोय काय हवी? पहिले चार अध्याय, म्हणजे हार्कर हा वकील काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकतो तिथपर्यंत, तोड नाही. मधे लंडनमध्ये बैठका आणि टिपणं फार होतात, तिथे मी पानं उलटली, खोटं का बोला.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा फिरतो. लंडनच्या पिकॅडिलीत भर दिवसा हार्करला दिसतो. उन्हात त्याची ताकद कमी होते, एवढंच. सूर्यप्रकाशात विरघळणं हे १९२२च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाचं देणं. त्या सिनेमावाल्यांनी हक्क घेतले नव्हते, म्हणून 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या स्टोकरच्या बायकोने खटला भरला आणि १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या म्हणून आज आपण बघतो. चोरीच्या सिनेमाने लावलेला नियम पुढे शंभर वर्षं सगळ्यांनी पाळला!

दुसरी गोष्ट: ड्रॅक्युला शेवटी छातीत ठोकलेल्या लाकडी खुंटीने मरत नाही. एकजण छातीत चाकू खुपसतो आणि हार्कर गळा कापतो तो कुकरीने. आपल्या गुरख्यांच्या कुकरीने.

विंदालू (मडगाव)

लसणाला घाबरणारं भूत गोव्यात जगणारच नाही. विंदालूच्या नावातच लसूण आहे. पोर्तुगीज 'व्हिन्य द आल्योश', त्यातलं 'आल्यो' म्हणजे लसूण. आमच्या घरातल्या कुणाच्याही मानेला तोंड लावलं तरी तिथल्या तिथे आडवा.

पण एका नियमात आम्ही फसणार. आमंत्रणाशिवाय तो उंबरा ओलांडत नाही म्हणतात ना? आमच्याकडे फाटकाचा आवाज झाला की आई चेहरा न बघताच आतून ओरडते, "या, या, बसा!"

बरं, थट्टा पुरे. या आमंत्रणाच्या नियमावर सगळ्यात सुंदर लिहिलंय ते स्वीडनच्या लिंडक्विस्टने, २००४ च्या 'लेट द राइट वन इन'मध्ये. बारा वर्षांचा एकटा मुलगा आणि शेजारी राहायला आलेली, त्याच्याच वयाची दिसणारी एली. तो मुद्दाम "ये" म्हणत नाही, आणि ती तशीच आत येते. पुढे काय होतं ते लिहीत नाही, वाचा. सिनेमाही (२००८) चांगला आहे.

पोदेराची_सायकल (दिवाडी)

मी ख्रिस्ती, घरी कोंकणी, प्राथमिक मराठीत शिकलो, म्हणून इथे. बरेच दिवस डोक्यात असलेली गोष्ट लिहितो, कुणी भलतं समजू नये.

सर्बिया-ग्रीस बाजूच्या जुन्या गोष्टी वाचल्या तर पिशाच्चाची पहिली खूण एकच: थडगं उकरलं आणि प्रेत कुजलेलं नाही. संपला विषय, हा उठून फिरतो. आता आमच्या घराच्या गच्चीवरून नदीपलीकडे जुनं गोवें दिसतं. तिथे बॉम जेझू चर्चमध्ये सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शरीर आहे. १५५२च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर मरण, चुना घालून पुरलेलं, तिथून मलाक्का, आणि १५५४ मध्ये गोव्यात. प्रत्येक वेळी काढलं तेव्हा न कुजलेलं. आम्ही त्याला संतपणाची खूण मानली. २०२४च्या शवप्रदर्शनाला मी स्वतः स्वयंसेवक होतो, रांगा सांभाळल्या.

म्हणजे खूण तीच. एका गावात लोक फुलं घेऊन येतात, दुसऱ्या गावात खुंटी घेऊन. मला वाटतं, प्रश्न प्रेताचा नसतोच. मेलेला माणूस गावाला जिवंतपणी कसा वाटत होता, त्यावर ठरतं.

आणखी एक. आमच्या दफनभूमीत जागा कमी, काही वर्षांनी खड्डा पुन्हा उघडतात, हाडं काढून वेगळी ठेवतात. आजोबांची काढली तेव्हा मी उभा होतो. भीती नाही वाटली. लहान वाटले आजोबा.

खाजनातला_बगळा

सायकलवाले बाब, हे लिहिल्याबद्दल देव बरें करूं. तुमच्या मुद्द्यातून माझा एक सुटला. आमच्यात जाळतात. शरीरच उरत नाही, तर परत येणार काय? म्हणून आपली भुतं बिनशरीराची: मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, आणि लागलं तर दुसऱ्याच्या अंगात. कथासरित्सागरातला वेताळही स्वतःच्या प्रेतात नसतो, स्मशानात शिंशपाच्या झाडाला लटकलेल्या भलत्याच मुडद्यात शिरलेला असतो. भाडेकरू आहे तो. तिकडचा स्वतःच्या मालकीच्या घरातच राहतो.

सूक्ष्मदर्शी (बांबोळी)

पेशाने पॅथॉलॉजीत आहे, म्हणून जरा रुक्ष लिहिणार.

'व्हॅम्पायर' हा शब्द पश्चिम युरोपात गाजला तो सरकारी कागदांमुळे. सर्बियाचा काही भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला आणि पाठोपाठ आणखी नऊ जण. गावकऱ्यांनी थडगं उघडायचा हट्ट धरला, अधिकाऱ्यासमोर उघडलं, आणि त्याने जे दिसलं ते वरती कळवलं. १७३२ मध्ये मेद्वेजा गावाचा असाच अहवाल लष्करी डॉक्टरांनी लिहिला. त्यांनी लिहिलेलं वाचताना मला हसू येत नाही, कारण निरीक्षणं बरोबर आहेत. पोट फुगलेलं, तोंडाशी लाल-काळं द्रव, नवी कातडी, वाढलेली नखं. शवागारात काम केलेला कोणीही हे ओळखेल. आत वायू साठतो, तो फुफ्फुसातलं द्रव वर ढकलतो. कातडी आक्रसते म्हणून नखं लांब दिसतात. वरची त्वचा सुटते आणि खालची ताजी वाटते. खुंटी ठोकली की वायू बाहेर पडताना कण्हल्यासारखा आवाज होतो. त्यांनी बघितलं ते खरं, अर्थ चुकला. थंड जमिनीत कुजणं किती सावकाश होतं याचा अंदाजच लोकांना नव्हता.

शेवटी १७५५ मध्ये मारिया थेरेसा राणीने आपला वैद्य व्हान स्वीटेन याला या प्रकरणात घातलं, आणि त्याच्या अहवालानंतर थडगी उकरण्यावर बंदी आली.

रेबीजचा संबंधही एका स्पॅनिश डॉक्टरने १९९८ मध्ये मांडला होता. चावणं, रात्रीची तळमळ, उजेड आणि वासाचा त्रास, तोंडातून रक्तमिश्रित फेस. पटण्यासारखं आहे, पण सगळं कोडं त्याने सुटतं असं मी म्हणणार नाही.

सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट मर्सी ब्राउनची. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड, साल १८९२. आई आणि बहीण क्षयाने गेलेल्या, मग मर्सी गेली, भाऊ एडविन आजारी. लोकांनी मार्चमध्ये तिचं प्रेत तपासलं. हिवाळाभर थंडीत ठेवलेलं, अर्थातच टिकलेलं. तिचं काळीज जाळून राख भावाला पाण्यातून पाजली. तो दोन महिन्यांत गेला. कॉखने क्षयाचा जंतू शोधला त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

काळोखातली_समई (डिचोली)

बगळेभाऊ, राग मानू नका, पण तुम्ही वेताळाला फारच शाकाहारी करून ठेवलंत. कोंबडा कुणाला देतात हो? रक्ताचा आणि त्याचा संबंध नाही म्हणणं म्हणजे लग्न झालेल्या गावाला वरात दाखवणं. आणि जुन्या संस्कृत गोष्टींत वेताळ स्मशानात काय खिचडी खातो? बिचाऱ्या बर्टनने सगळं हवेतून नाही आणलं.

शिवाय गोव्यातला तो नुसता गावराखा नाही, अक्राळविक्राळ आहे. लोलयेचा दगडी वेताळ समोरून बघा एकदा. पैंगिणीला दर तीन वर्षांनी गड्यांची जत्रा भरते, माणसं उंच चाकाला बांधून फिरवतात, ते बघताना पोटात गोळा येतोच. सासष्टीत पोर्तुगीज काळात देऊळ गेलं, पण गावाचं नाव बेताळभाटीच राहिलं. एवढा चिवट देव. त्याला 'मामलेदार' म्हणून सोडून देऊ नका.

तारवटी (काणकोण, सध्या बोटीवर)

नेट मिळालं म्हणून लिहितो. वीस वर्षं क्रूझवर आहे, किचनमध्ये. आमच्या केबिनीत अर्धे गोंयकार, अर्धे फिलिपिनो. रात्री ड्युटी सुटली की भुतांच्या गोष्टी हाच टाइमपास. जगातली सगळी पिशाच्चं मी बंकवर पडून ऐकलीत.

फिलिपिनो लोकांचा 'मनानांगाल' ऐकला आणि त्या रात्री मी संडासला गेलो नाही. दिवसा सुंदर बाई. रात्री कंबरेतून दोन तुकडे, खालचा अर्धा उभाच राहतो आणि वरच्याला पंख फुटतात. गरोदर बाईच्या घराच्या छपरावर बसून लांब जीभ आत सोडते. उपाय? उभा राहिलेला खालचा भाग शोधायचा आणि त्यावर मीठ, राख नाहीतर लसूण चोळायचा. परत जोडता येत नाही, उजाडलं की खलास. मलेशियाचा एक वेटर म्हणाला, आमच्याकडे 'पनांग्गालान' आहे, नुसतं डोकं उडतं आणि खाली आतडी लोंबतात. म्हणून घराभोवती काटेरी फांद्या लावतात, आतडी अडकावीत म्हणून. ह्या माणसाने हे मला जेवताना सांगितलं.

आणि 'पोंतियानाक', बाळंतपणात मेलेली बाई. इंडोनेशियात ह्या नावाचं अख्खं शहर आहे. हे ऐकून मी म्हणालो, अरे ही तर आमची हडळ! आमची आजीसुद्धा बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवायची. सगळीकडे बायका बाळंतपणात मरत होत्या ना, म्हणून सगळीकडे हीच गोष्ट.

चिनी कुकचं भूत मात्र मला आवडलं. 'ज्यांगशी'. ताठ झालेलं प्रेत, गुडघे वाकत नाहीत म्हणून उड्या मारत येतं. कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की थांबतं. श्वास रोखून धरलात तर त्याला तुम्ही दिसत नाही. १९८५चा हाँगकाँगचा 'मिस्टर व्हॅम्पायर' बघा, हसून हसून लोळाल.

माडावरचा_मुंजा

तारवटीबाब, तुम्ही धागा काढा वेगळा. ही ऑर्डर समजा.

समईताई म्हणतात त्यात दम आहे. पण माझं निरीक्षण भाषेचं आहे. मराठीत भूत काय काय करतं बघा: लागतं, धरतं, झपाटतं, पछाडतं, मानगुटीवर बसतं. यातलं एकही पीत नाही. 'रक्तपिशाच्च' हा शब्दच पुस्तकी, आजीच्या तोंडी कधी ऐकलाय? रक्त पिणारा म्हटलं की आपल्याला सावकार आठवतो, नाहीतर ढेकूण.

म्हणूनच की काय, नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिली तेव्हा ती नुसती भाषांतरित केली नाही, मराठी वाड्यात नीट वसवली. मला मूळ पुस्तकाइतकीच आवडते. एक गाव हळूहळू आतून रिकामं होत जातं, ही कल्पना आपल्याकडे जास्त लागू पडते. बंद घरं बघायला किंगच्या गावात कशाला जायला हवं, साळगावला या.

विंदालू

म्हणजे तिकडचा मान धरतो, आपला मान घेतो.

माडावरचा_मुंजा

विंदालू, बाहेर उभा राहा.

खाजनातला_बगळा

हसलो, पण विंदालूने माझी अडचण सोडवली. समईताई, तुम्ही बरोबर, मी ओढूनताणून बोललो. कोंबडा देतात. रक्त आहेच. पण ते गाव आपल्या हाताने देतं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, आणि बदल्यात राखण मागतं. नाही दिलं तर तो रागावतो, हेही ठरलेलं. तिकडच्याशी असा करारच नाही. तो चोरून घेतो. बर्टनने रक्त आणलं असं नाही म्हणत आता, देवघेव काढून टाकली असं म्हणतो.

बर्टनचं आणखी एक सांगायचं राहिलं. त्याने आपला बेताळ फांदीला पायाच्या बोटांनी उलटा लोंबकळवलाय, मोठ्या वटवाघळासारखा. 'ड्रॅक्युला'च्या सत्तावीस वर्षं आधी! आणि ब्रॅम स्टोकर बर्टनला प्रत्यक्ष भेटला होता, लंडनमध्ये, आर्व्हिंग या नटाच्या संगतीत. १९०६च्या आठवणींत स्टोकर लिहितो की बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जायचा आणि सुळा खंजिरासारखा चमकायचा. स्टोकरने काउंटचे दात बर्टनकडून उचलले असं मी म्हणणार नाही, पुरावा नाही. पण वेताळाला सुळे देणाऱ्याचेच सुळे लोकांच्या लक्षात राहावेत, हे मला भारी वाटतं.

सूक्ष्मदर्शी

वटवाघळांवरून एक भर. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती, तिन्ही अमेरिका खंडातल्या. पिशाच्चाच्या गोष्टी आधीच्या, वटवाघळाला नाव नंतर मिळालं. आपल्याकडच्या किल्ल्यांत, देवळांत लटकणारी किडे आणि फळं खातात, फार तर बेडूक, उंदीर. कृपया मारू नका.

तारवटी

'लुचाई' कुणाकडे असेल तर सांगा. मे महिन्यात सुट्टीवर येतो, येताना चिनी कुकाकडून पिवळा कागद घेऊन येतो.

खाजनातला_बगळा

माझ्याकडे आहे, मागची चार पानं वाळवीने खाल्लीत. शेवट तोंडी सांगीन.

आणि भाच्याचं सांगायचं राहिलं. रविवारी त्याला गावी नेलं. वेताळासमोर ठेवलेल्या वाहाणा बराच वेळ बघत होता. मला वाटलं आता रक्ताचं विचारणार. त्याने वाहाण उचलून तळवा पाहिला आणि हळूच गुरवांना विचारलं, "काका, ही कितव्या नंबरची?" गुरव म्हणाले, "त्याला पाय दाखव म्हटलं तर दाखवत नाही रे. अंदाजाने करतो आम्ही."